हातचा

कागदाच्या खालच्या कडेला मी कात्रीने चिरा दिल्या,
दहा पट्ट्या, प्रत्येकीवर तोच फोन नंबर, उभा.
वर एवढंच: ओडिल सुरेट. जमाखर्च, पगारपत्रकं, विक्रीकर.
पावत्या घरून नेईन, हिशेब घरी आणून देईन.
यारमथच्या धुलाईच्या दुकानात, ड्रायरच्या वरच्या फळ्यावर,
एक हरवलेलं मांजर आणि बर्फाचे जुने टायर
यांच्या मधल्या जागेत तो टाचला.

मासळीचा कारखाना जुलैत बंद झाला होता.
बावीस वर्षांच्या कीर्द-खतावणीपोटी
त्यांनी केक कापला
आणि स्टेपलर घरी न्यायला परवानगी दिली.

भाचा ल्यूक म्हणाला, मावशी, असं नाही चालत,
लोकांना काहीतरी गोष्ट सांगावी लागते.
निळ्या स्वेटरात माझा फोटो काढला, खाली लिहिलं,
तुमची स्वप्नं, आमचे आकडे.
विक्रीकराची स्वप्नं कोणाला पडतात रे?
फोटोत मी विमा विकणारी दिसत होते,
माझा स्वतःचा उतरवलेला नसताना.

आठवड्याने गेले तर दहाच्या दहा जागेवर,
एकही दात न पडलेल्या फणीसारख्या.
रिकाम्या खाणावळीत कोण शिरतं?
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
आणि माझी मीच एक पट्टी फाडून खिशात घातली.
आयुष्यातली पहिली खोटी नोंद.
पुढच्या आठवड्यात दुसरी.
राहिल्या आठ.

ऑक्टोबर गेला. मांजर सापडलं बहुतेक,
त्याचा कागद कोणी काढून नेला.
मी तिसरी फाडायला हात वर केला
आणि सवयीने आधी मोजल्या.
सात.
पुन्हा मोजल्या. उजवीकडून मोजल्या.
सात.
एका सेंटच्या फरकापायी मी रात्री जागवल्यात,
रकान्यांतून उलट चालत गेलेय, चष्मा कपाळावर,
जोवर चूक सापडून मान खाली घालत नाही तोवर.
आणि आज ताळा चुकला,
आणि मी ड्रायरला पाठ टेकून उभी,
कोणाचे तरी टॉवेल आत गरगरतायत,
आणि मला हसू आवरत नाही.

फोन नोव्हेंबरात आला, रात्री, जेवणाच्या वेळी.
विल्फ्रेड अमिरो, शेवंड्यांची बोट, खाडीपलीकडे.
पट्टी पँटीबरोबर धुतली गेली, म्हणाला,
शेवटचे दोन आकडे अंदाजाने लावतोय,
तुम्ही पाचव्या.

तो आला तो आमिषाची बादली घेऊन.
बादलीत दोन वर्षं:
डिझेलच्या पावत्या, दोरखंडाच्या पावत्या,
एकमेकींना चिकटलेल्या, हेरिंगच्या वासाच्या.
एका पाकिटाच्या मागे पेन्सिलीने,
"जोचे देणे", आणि पुढे रक्कम नाही.
सोमवारी हंगाम सुरू होतोय, म्हणाला, मग मी समुद्रावर.
मी माझा दर सांगितला.
माझाच आवाज मला परका वाटला, थोडा चढा.
त्याने घासाघीस केली नाही. टोपी फिरवत राहिला.

कारखान्यात होते मी, म्हटलं, बावीस वर्षं, हवं तर विचारा कोणालाही.
विचारायचं काय त्यात, तो म्हणाला,
तुम्हाला मी पाहिलंय. सप्टेंबरात. माझे कपडे सुकत होते.
स्वतःची पट्टी फाडताना
जी बाई चोरासारखी दोनदा मागे बघते,
ती माझे पैसे काय खाणार?

माझे कान तापले.
कॉफी ओतली. थोडी बशीत सांडली.

तो गेल्यावर ओव्हनच्या जाळीवर
पावत्या एकेक सुट्या करून पसरल्या, मंद आचेवर.
घरभर हेरिंग.
बाहेर त्याच्या ट्रकचा आवाज वळणावर थांबला,
परत मागे आला.
खिडकीची काच खाली करून तो ओरडला,
"मेटेघनच्या बंदरावर माझ्या भावाला सांगतो.
आणि पुढच्या वेळी एकदम तीन फाडा,
एक-एक काय फाडता!"