सावोनातला एस

फोनवर कुणी नाव विचारलं की
आर्जियाबाई आधी घसा खाकरतात,
मग निघतात:
सावोनातला एस, पादोवातला पी,
एम्पोलीतला ई, नापोलीतला एन,
जेनोवा, इमोला, लिव्होर्नो, उदिने, मिलानो,
आणि परत एम्पोली, शेवटच्या ई साठी.
अख्खा देश पालथा घालून
बाई पुन्हा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर.
एरवी लुक्काच्या पलीकडे त्या दोनदाच गेल्यात,
त्यातही एकदा मोतीबिंदूसाठी.

पलीकडचा माणूस म्हणतो: काय म्हणालात?

स्पेन्जिलूमे.
स्पेन्जि म्हणजे विझव. लूमे म्हणजे दिवा.
आडनाव कसलं, हुकूमच तो.
आपल्यात तर एवढं उघड कुणी बोलणारही नाही,
दिवा मालव म्हणू, शांत कर म्हणू.

जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत
रोस्सी पानंच्या पानं होते, खंडीभर,
स्पेन्जिलूमे तीन:
एक वडील, एक नेदोकाका,
एक छपाईची चूक (काकाच, दुसऱ्यांदा).

वडील सांगायचे, आपण देवळातले मानकरी,
लांब काठीच्या टोपणाने
पूजा संपल्यावर मेणबत्त्या निववणारे.
नेदोकाका हसायचा:
आपण मिठाचे चोर. जकातवाले दिसले
की पहिली फुंकर आपली.
पाद्रीबुवांचं मत, कंजूष असणार कुणीतरी,
तेल वाचवणारा.
आणि शाळेत वीज गेली की
अख्खा वर्ग तिच्याकडे बघून ओरडायचा.

सत्तरी उलटल्यावर एका मंगळवारी
दप्तरखान्यातल्या फोस्काने
पांढरे हातमोजे घालून
एक चोपडी तिच्यापुढे उघडली.
अनाथालयाची. साल अठराशे अकरा, जानेवारी.
भिंतीतल्या फिरत्या लाकडी पाळण्यात
रात्री तिसऱ्या प्रहरी
मुलगा, एक. गळ्यात लाल दोरा,
दोऱ्यात तांब्याचं अर्धं नाणं.
नाव: अंतोनिओ, त्या दिवसाचा संत.
आडनाव: स्पेन्जिलूमे.
पुढे शाईचा डाग.

बस्स. एवढंच.

ना देऊळ, ना मीठ.
आर्जियाबाई डागाकडे बघत राहिल्या.
वरच्या पानावर त्याच कारकुनाने
पोरांना वाटली होती आडनावं:
बर्फ, गुरुवार, खुर्ची, पुन्हा बर्फ.
त्या रात्री त्याचा शब्दांचा डबाच रिकामा झाला असेल,
लेखणी हवेत धरून बसला असेल बिचारा,
आणि आतल्या खोलीतून बायको म्हणाली असेल,
अहो, विझवा आता तो दिवा.

फोस्का म्हणाली, याला पुरावा नाही.
बाई म्हणाल्या, नसू दे.
मला चोरांपेक्षा ती बाई आवडली.
झोप अनावर झालेली, गार पायांची,
तिला कळलंही नसेल
की आपण एक घराणं सुरू केलंय.

आणि दुसरा अर्धा तुकडा नाण्याचा
कुणाच्या मुठीत होता,
हे त्या दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

नेदोकाका बोटीने रोसारिओला गेला होता.
तिकडच्या कारकुनाला एवढं लांब नाव
रकान्यात मावेना,
त्याने पुढचं छाटलं.
आता तिथे सात नातवंडं आहेत,
नुसती लूमे.
फोटोत ओळीने उभी, दात दाखवत.
त्यांना कुणी काही विझवायला सांगत नाही.

अख्खं आडनाव आता एकाच पितळी पाटीवर,
दारावर, जिन्याच्या डाव्या हाताला.
आर्जियाबाईंनी लग्न केलं नाही,
केलं असतं तरी नाव पुढे गेलं नसतं,
तेव्हाच्या कायद्यात पोरं बापाचीच.
थडग्याच्या दगडावर अक्षरं आधीच कोरून घेतलीत,
गवंड्याने एक आय गाळला होता,
तो भांडून घालून घेतला.

रात्री त्या अंथरुणात वाचत बसतात,
चेस्टनटच्या पिठाचा वास अजून बोटांना,
अकरा, साडेअकरा.
घरात टोकणारं कुणी नाही.
उशाशी पडलेल्या वीजबिलावरून
दर महिन्याला तेच नाव तेच सांगतं.

थांब गं, म्हणतात बाई,
आणि पान उलटतात.