अक्षरामागे नऊशे

स्टेनुन थडग्यांचे दगड कोरते.
तिच्या नावात आधीच एक दगड आहे,
बापाने ठेवलेला. बापही हेच काम करायचा.
दारावर भाव लिहिलाय: अक्षरामागे नऊशे क्रोना.
अक्षरांवरच्या रेघा, टिंबं फुकट.

फुकट, पण विसरायची नाहीत.
माउर म्हणजे कुरव, समुद्रावरचा पांढरा पक्षी.
मधल्या अक्षरावरची तिरकी रेघ राहिली
की त्याच तीन अक्षरांचा अर्थ होतो मुका मार.
एकदा राहिली होती.
बायको काही बोलली नाही त्याची, हातमोजा काढून
बोटाने ती जागा चाचपत राहिली.
मग मार्चच्या वाऱ्यात, गुडघे बर्फात रोवून,
स्टेनुनने कुरवाला त्याचा पंख परत दिला.

या फ्योर्डमध्ये नावं पहिल्यापासून आखूड.
आरी: गरुड.
उना: आहे त्यात सुख मानणारी
(उनाने तीन नवरे केले, पण तो विषय वेगळा).
बाप म्हणायचा, होडीवरून लांब नाव हाकारलं
तर अर्धं किनाऱ्याला लागतं,
अर्धं वारा खातो.

मग मासळीच्या कारखान्यात माणसं आली,
आपापली आखूड नावं घेऊन.
घानाचा याव, गुरुवारी जन्मला म्हणून याव.
त्याने विचारलं, तुझा वार कोणता?
हातोडीचे सोडून तिला कुठलेच वार ठाऊक नव्हते.
चर्चच्या वहीत निघाला मंगळवार.
म्हणजे आमच्याकडे तू आबेना, याव म्हणाला,
पाच अक्षरं. महाग पडशील.

मेकाँगच्या मुखाकडून आलेली उत.
उत म्हणजे शेंडेफळ.
असं नाव ठेवूनही तिच्या पाठीवर
आणखी दोघं झाली.
आईने नाव बदललं नाही.
ते भाकीत नव्हतंच, थकवा होता.

एक दगड मात्र स्टेनुनने असाच कोरून दिला.
इथे बारशापर्यंत बाळाला
नुसतं 'मुलगी' म्हणतात,
आणि ती बारशापर्यंत पोचली नाही.
त्यांच्या भाषेत मुलगीची अक्षरं सहा.
तिने मोजली नाहीत.

नोव्हेंबरात तोन आला, नोकचा मुलगा.
तोन म्हणजे झाडाचं खोड,
आणि गावात झाड एक नाही.
त्याने कागद पुढे केला: आईचं पासपोर्टावरचं नाव,
भिक्खूने जन्मवेळ बघून काढलेलं, एकोणीस अक्षरी.
स्टेनुनने पेन्सिलीने दगडावर आखून पाहिलं.
मावेना.
"या नावाने तिला कोणी हाक मारली?"
तोन आठवत राहिला.
बँकेने. एकदा दवाखान्याने.
बाकी जन्मभर नोक. नोक म्हणजे पाखरू.
तान्ह्या जिवावर भुतांची नजर पडू नये
म्हणून आजीने पांघरलेलं खोटं नाव:
इथे माणूस नाही हो कोणी,
पाखरू आहे, जा.

"खोटं नाव दगडावर चालतं?"
स्टेनुनने छिन्नीवरची भुकटी फुंकली.
"का? भुतं काय मेली?"

जागा मिळाली माउरच्या शेजारी. ठरवून नाही,
त्या आठवड्यात तेवढीच जमीन गोठली नव्हती.

दगड बसवायच्या आदल्या दिवशी तोन पुन्हा आला.
म्हणाला, आमच्यात हे वर चढवून म्हणतात,
आवाज उचलायचा. सपाट म्हटलं
की पाखरू राहत नाही.
त्याने म्हणून दाखवलं. तिने म्हणून पाहिलं.
दोनदा जमलं नाही.
मग मधल्या गोल अक्षरावर
तिने एक तिरकी रेघ कोरली.

आता गावातले सगळे ते नाव चुकीचं वाचतात.
तोनने सत्तावीसशे मोजून दिले.
रेघ फुकट.