चौथं बोट

बाबांच्या उजव्या पायाचं चौथं बोट आखूड.
लहानपणी मी त्याला नाव ठेवलं होतं, उशिरा आलेला.
बाकीचे चौघं बूट घालून तयार,
हा अजून झोपेत.

ट्रोम्सोच्या इस्पितळात गुन्वोरबाईंनी
डोळे पाहिले, कान पाहिले,
पोटरीवरचे खवले नखानं हळूच खरवडले,
मग म्हणाल्या, मोजे काढा.
आणि त्या बोटापाशी कितीतरी वेळ थांबल्या.

खवले.
तीस वर्षं ज्यानं मासे साफ केले
त्याच्याच कातडीवर खवले चढत होते.
आई म्हणायची, समुद्र वसुली करतोय.
खरं तर वसुली हिरव्या रंगाची होती.

पानांच्या हिरव्या रंगाला एक लांब शेपूट असते.
आपण पालक खातो, ती तशीच निघून जाते,
आपल्याला सोडवता येत नाही.
गाईच्या पोटातले जंतू सोडवतात.
मग ती लोण्यात उतरते, मटणात,
समुद्रातल्या हिरव्यातून हेरिंगमध्ये,
आणि शेळीच्या दुधाच्या त्या तपकिरी चीजमध्ये,
जे बाबा पातळ कापून, दुमडून,
उभ्याउभ्याच खायचे.

त्या शेपटीच्या तिसऱ्या कार्बनवर एक फांदी असते.
फळीत गाठ आली की करवत अडते, तसं.
निरोगी पेशीत एका पडद्याच्या इवल्या पिशव्या असतात,
पेरॉक्सिझोम.
त्या गाठीशी भांडत नाहीत.
टोकाचा एकच कार्बन छाटतात,
गाठ एक घर सरकते,
करवत चालू लागते.
एवढंच. एक कार्बन.
बाबांकडे तेवढा एक छाटणारा नव्हता.

वास आधी गेला.
मार्चमध्ये आमचं सगळं गाव वाळत्या कॉडनं भरून जातं,
पाहुणे नाकाला रुमाल लावतात.
बाबा त्या मांडवांखाली उभे राहून म्हणाले,
यंदा मासे टांगले नाहीत का?
आम्ही हसलो.

मग रात्र गेली, म्हणजे रात्रीचं दिसणं.
इथं नोव्हेंबरअखेर बुडालेला सूर्य
जानेवारीतच वर येतो.
अशा गावातला रातांधळा
वर्षातून किती आंधळा, हिशेब करा.
आईनं दारापासून होडीपर्यंत दोरी बांधली.
ती अजून तिथंच आहे, बर्फानं कडक झालेली.

निदानाच्या आधल्या हिवाळ्यात बाबांनी लंघन केलं.
पोट रिकामं ठेवलं की रोग उपाशी मरतो,
असं त्यांच्या आजोबांचं मत.
नऊ दिवस पाणी आणि काळी कॉफी.
अंगावरची चरबी वितळली,
तिच्यात दडलेलं सगळं रक्तात आलं,
दहाव्या दिवशी पाऊल उचलेना.
गुन्वोरबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं,
उपाशी राहू नका, कधीच राहू नका.
आईनं तो कागद फ्रिजवर लावला.
फ्रिजमध्ये लोणी नव्हतं.
कॉड चालेल, त्याचं यकृत नाही, तेल नाही.
बाबांनी यादी ऐकली आणि विचारलं,
मग कॉड कशाला?

दर महिन्याला ट्रोम्सोचं यंत्र
त्यांच्या रक्तातलं पिवळं पाणी पिशवीत काढून घेई.
चालणं थोडं परतलं. कान परतले नाहीत.
मला त्या फुटक्या जनुकाची एकच प्रत मिळाली,
दुसरी चांगली आहे, आणि एक चांगली पुरते.
तरीही मुलाला अंघोळ घालताना
मी त्याची बोटं मोजते,
चौथ्यापाशी जरा थांबते.

काल बटाटे सोलताना बाबांच्या अंगठ्याला सुरी लागली.
मी तपकिरी बाटली ओतली,
जखम फसफसून पांढरी झाली.
हेच विष त्या पिशव्यांमध्येही तयार होतं
आणि कॅटलेज तिथल्या तिथं त्याचं पाणी करतं,
पाणी आणि थोडा प्राणवायू.
तुमचं दुकान अगदीच बंद नाही हं,
मी त्यांच्या डाव्या कानात ओरडले.

ते फेसाकडे बघत राहिले.
याला वास येतो का गं?
मी वाकून हुंगलं.
नाही, म्हटलं.
कुणालाच येत नाही.