दाराचं तोंड

पंधरा नोव्हेंबरला जहरात हंगाम सुरू होतो.
मालक त्याला मौसम म्हणतो,
मी मनातल्या मनात गळीत.
आमच्या शिरोळकडं कारखान्याचा भोंगा याच सुमाराला वाजतो,
आणि ज्या हातांनी दोन ट्रॉल्या भरून ऊस
मागं घेत घेत काट्यावर लावला,
ते हात आता जीएमसीच्या मागं
पांढरी घरं जोडतात.

घरंच की. दोन पलंग, शेगडी, पडदे, संडास,
फ्रिजच्या दारावर चुंबकाची स्ट्रॉबेरी.
गोळ्यावर कडी बसते तेव्हा टक् होतं.
इक्बाल मुकादमनं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं:
टक् ऐक, साखळ्या एकमेकींवरनं टाक, दिवे बघ,
आणि मुतल्याच्या उताराला घर शेपूट हलवायला लागलं
तर ब्रेकवर पाय ठेवू नको, बाळगोंडा,
पाय उचल
आणि माझ्या अल्लाचं किंवा तुझ्या तीर्थंकराचं,
ज्याचं आधी तोंडात येईल त्याचं नाव घे.

फेरीला वीस दिनार, त्यातले सहा माझे.
पेट्रोल मालकाचं, पंक्चर माझं,
दंड ज्याचा त्याचा,
म्हणजे माझाच.

वाळूत शिरायच्या आधी टायरची हवा पंधरावर आणायची.
पुढची चाकं आधी. सुस्स करत गाडी बसते,
म्हैस बसते तशी, गुडघ्यांवर.

त्या दिवशी सुबियाच्या मागं, पुलाचे दिवे दिसतील इतक्या अंतरावर
मी घर लावलं. फळ्या सारल्या, पाणसळ बघितली.
पुढच्या गाडीतनं उम्म मिशारी उतरली
आणि काठीनं दार दाखवून म्हणाली, ला.
पुन्हा जोडलं. टक्. फिरवलं.
ला.
तिसऱ्यांदा मी कानडीत शिवी दिली,
इथं कोणाला कळतीय.
स्टिअरिंग डावीकडं, घर उजवीकडं,
घामानं बनियन पाठीला, थंडीच्या दिवसात.

म्हातारीनं मूठभर वाळू उचलली आणि बोटांतनं सोडली.
वाळू दक्षिणेला निघाली.
मिशारीनं मग सांगितलं, आई इथंच कुठंतरी
तंबूत जन्मली. तिच्या बापाच्या तंबूची
पाठ कायम उत्तरेला.
वाऱ्याला पाठ दाखवायची, पाहुण्याला दार.

थर्मासमधला चहा तिनं मला आधी दिला, मुलाला नंतर,
आणि विचारलं, बाला, तुझं दार कुठं?
पूर्वेला, म्हटलं. नदीकडं.
ती खूष झाली. पाणी बघत उठतोस म्हणाली.
महापूर त्याच दारानं आत आला होता
आणि आठ दिवस राहिला होता,
हे सांगायला माझं अरबी पुरलं नाही.

मार्चमध्ये फोन आला, घेऊन जा.
मिशारी एकटाच उभा होता.
गाद्या गुंडाळलेल्या, थर्मास ओट्यावर उपडा.
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
यार्डात कुठंही टाक म्हणाला,
विकायचंय.

मुतला चढताना घर शांत होतं. एकदाही हललं नाही.

यार्डात सत्तावीस घरं, एकमेकांना खेटून,
तोंडं जिकडं फावेल तिकडं.
अठ्ठाविसावं मी भिंतीकडच्या मोकळ्या जागेत लावलं,
साखळ्या सोडल्या,
बिडी पेटवायला आडोसा शोधताना कळलं वारा कुठनं येतोय.
मग पुन्हा जोडलं. टक्.
वॉचमन बॅटरी घेऊन आला. सरळच तर होतं की, म्हणाला.
स्टिअरिंग डावीकडं. थोडं पुढं. पुन्हा डावीकडं.

वीस मिनिटं गेली.
पेट्रोल मालकाचं होतं.