टिंब

चिठ्ठी घामाने मऊ झालेली,
सदऱ्याच्या खिशात, तंबाखूच्या पुडीला चिकटून
बहादरपूरहून पारोळ्यापर्यंत एसटीने आलेली.
धुडकू आप्पा ती काउंटरवर पसरतात.
पायाशी कळणा.
अंगावर कळण्याच्या भाकरीचा रंग, म्हणून कळणा.
मागचा डावा पाय टेकत नाही.

औषधाचं नाव लागतं.
वजन १४ किलो. दिवसातून एकदा, जेवणानंतर, पाच दिवस.
बाटली एक.
आणि या सगळ्याच्या मधोमध
९ मिली.
किंवा .९ मिली.

नऊच्या डावीकडे काहीतरी आहे.
चष्मा लावून बघते, काढून बघते,
दाराशी उन्हात नेऊन बघते.
आप्पाही माझ्यासोबत वाकतात.
"बाई, हाऊ टिपका शे, का माशी बठनी व्हती?"

साहेबांनी आधी एक शून्य काढलं असतं
तर माशीला दुसरीकडे जावं लागलं असतं.

बाटली दहा मिलीची. नऊ पंचे पंचेचाळीस.
दुसऱ्या दिवशीच तळ लागेल.
म्हणजे टिंबच असणार.

"असणार" या शब्दावर औषध द्यायचं
मी गेल्या पोळ्यापासून सोडलंय.
बोहरी गल्लीतली मांजर तापाने फणफणली होती.
घरची बाई म्हणाली, पोरांना देतो तीच द्या, अर्धी.
दिली.
चिठ्ठी नव्हती, कागदाच्या कपट्यात गुंडाळून, दोन रुपये.
दिवेलागणीला तिच्या हिरड्या
भिजवलेल्या चिंचेच्या रंगाच्या.
मांजरीचं नाव मी विचारलं नव्हतं.
नंतर विचारलं.

साहेबांचा फोन लागत नाही.
तामसवाडीला म्हैस अडलीय, कंपाउंडर सांगतो,
साहेबांचा हात खांद्यापर्यंत आत.
"मन्ही बस निघी जाई, बाई."
जाऊ दे.

शेजारी पुखराजशेठचा कापसाचा काटा रिकामा आहे.
कळण्याला कवेत घेऊन आप्पा चढतात: छप्पन्न सातशे.
कळण्याला खाली ठेवून चढतात: अठ्ठेचाळीस दोनशे.
कापसाचे तंतू नाकात गेले, कुत्रा दोनदा शिंकतो.
मी पावतीच्या पाठीवर वजाबाकी करते.
साडेआठ.

मग चौदा कुठून आले?
"साहेबनी इचारं, मी सांगी दिधं.
मांगला साल तितला व्हता ना."

अठ्ठेचाळीस दोनशे मी मनातच ठेवते.
त्याची चिठ्ठी कुणी आणलेली नाही.

पावणेदोनला फोन वाजतो, पलीकडे बादलीतलं पाणी.
"टिंब आहे गं, माशी कसली?"
वजन सांगते.
पाण्याचा आवाज थांबतो.
"साडेआठ? मग पॉइंट पाच दे. त्याच्या वर थेंब नको.
आणि आधी शून्य लाव."
बरं झालं विचारलंस, असं काही ते म्हणत नाहीत.
म्हणतात, "रेडकू जगलं."

लाल पेनाने शून्य काढते, दुकानाच्या पाटीवर शोभेल एवढं.
पण आप्पांना आकडे वाचता येत नाहीत.
मग बिनसुईची सिरिंज,
आणि ड्रॉवरमधली लेकीची नखपॉलिश.
अर्ध्यावर एक आडवी रेघ. फुंकर घालते.

आप्पा सिरिंज उजेडात धरतात.
"इतलंच?"
इतकंच.
"इतलासाठे मन्ही बस गई."

पुढची तीनला.
दुकानाच्या पायरीवर ते फडकं सोडतात,
भाकरीचे दोन तुकडे करतात,
मोठा कुणाला, हे मी बघते आणि बोलत नाही.
जेवणानंतर, असं लिहिलंय.
जेवण होऊ देतात.
मग त्याचा जबडा मांडीवर टेकवून
आप्पा दट्ट्या ओढतात, हळू,
रेघेपाशी अंगठा थांबतो,
थोडा पुढे गेला होता,
परत मागे येतो.