कमरेतून वळायचं

भाविका, सगळ्यात वरची पायरी धर.
खालच्या रांगेत जाळी तोंडावर येते
आणि पुढच्या माणसाची टोपीच
प्रत्येक फोटोत पहिली येते.
वर ऊन लागेल, लागू दे.
ओढणी आणलीस ना? डोक्याला नको, कॅमेऱ्याला.
उलव्याची ही धूळ पिठासारखी आहे,
कुठूनही आत शिरते.
आणि लेन्सवर फुंकर मारू नकोस, थुंकी उडते.

मी सांगतोय खरा,
पण कोपरखैरण्यात, सेक्टर सातला,
बावीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आलो:
हनुवटी थोडी खाली. हलू नका.
पासपोर्ट, पॅन, अकरावीचा फॉर्म,
स्थळांना पाठवायला एक उभा, साडीतला.
हलू नका. झालं.
अख्खा सेक्टर माझ्यासमोर
श्वास रोखून बसून गेला.

आणि इथे बघ,
कोणी थांबायलाच तयार नाही.

पहिल्या वर्षी दोनशे फोटो काढले मी.
एकशे नव्वदांत रिकामा रस्ता.
काहींत मागचा बंपर.
एकात कुत्रा, अगदी स्पष्ट,
हलू नका म्हटल्यासारखा बसलेला.

म्हणून सांगतो, डोळ्याला उशीर होतो.
कान लाव.
वळणाच्या अलीकडे गिअर उतरतो
तेव्हा आवाजाला ठेच लागते.
त्या ठेचेला बटण अर्धं दाब.
सरळ रस्त्यावर कुणी कितीही सुसाट जावो,
फोटोत पार्क केल्यासारखीच दिसते गाडी.
वळणावर तिची चाकं तिरपी होतात, नाक खाली जातं,
तिथे तिला चेहरा फुटतो.

शटर हजारावर नेऊ नकोस.
नवशिक्याला हजार फार आवडतो,
सगळं कसं स्वच्छ. चाकाचे नट मोजून घ्या.
एकशेपंचवीसवर ये. भीती वाटेल.
पाय रोव, कोपरं बरगड्यांना लाव
आणि कमरेतून वळ, नुसती मान नाही.
मांडवात नवरी आली की बाया
अख्ख्या वळतात ना, तशी.
बटण दाबून झालं तरी वळत राहा,
गाडी गेली तरी.

मग गाडी जागच्या जागी
आणि जग धावतं:
अर्धे टॉवर, जेसीबी, सिडकोची पाटी,
बर्फाच्या गोळ्याची गाडी,
सगळ्यांच्या नुसत्या रेघा.

ती बघ, एकेचाळीस नंबर. जुनी झेन,
उजवा दरवाजा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा.
आत निकेत तांडेल, करंजाचा.
दोन महिन्यांपूर्वी माझ्या स्टुलावर बसून गेला,
कर्जाच्या अर्जाला आठ कॉपी.
इतका ताठ, की जन्मात पहिल्यांदा
मी गिऱ्हाइकाला म्हटलं, जरा हला.
नाही हलला.
आठही कॉप्यांत चोर दिसतो.

ठेच ऐकलीस?
वळ.
वळ, वळ, अजून.

माझा गेला. धूर आणि अर्धा आरसा.
तुझा दाखव.

दरवाजा पुसट, नंबर पुसट,
जाळीची एक करडी सावली आडवी,
आणि हेल्मेटच्या चौकटीत
दोन डोळे.
हे डोळे माझ्या स्टुलावर
त्यानं आणलेच नव्हते.

पुसू नकोस तो. अंगठा काढ त्या बटणावरून.
बरं, आता पडदा बंद कर,
तू बघत बसलीस तेवढ्यात तीन गाड्या गेल्या.
मीही बघत होतो, ते सोड.

आणि एक राहिलंच.
शेवटच्या फेरीला कॅमेरा मांडीवर ठेवायचा
आणि नुसतं बघायचं.
हे मी दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगतो
आणि स्वतः एकदाही केलेलं नाही.
तू कर.
संध्याकाळी दुकान उघडलं की ये,
आणि मला सांग
कोण जिंकलं.