भांगाचं पाणी

हर्णैच्या लिलावात अडीच किलोची सुरमई घेतली.
थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फावर सुरमई,
तिच्यावर पुन्हा बर्फ,
आणि मध्येच कुठेतरी, माझ्याच हातातून,
किल्ली.
हे नंतर कळलं.

डिकी आपली आपण मिटली,
पाहुणे गेल्यावर एखादी शिष्ट बाई दार लावते तशी,
आवाज न करता.
मग गाडीने आरसे कानांसारखे पाडले,
दोनदा डोळे मिचकावले,
आणि मी तिची कोणी नाही असं ठरलं.

शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
मॅडम, ही गाडी तुम्हाला ओळखते.
सत्तावन्न वर्षांत इतक्या ठामपणे
हे कोणी म्हटलं नव्हतं.
मी सही केली होती.

काचेतून सगळं दिसत होतं:
पर्स, चष्मा, अर्धी राहिलेली शेंगदाण्यांची पुडी, फोन.
हँडलला हात लावला.
हात पदराला पुसून पुन्हा लावला,
वासामुळे तर नसेल ओळखत?
नाही.

समोर पोटापर्यंत पाण्यात शिरून
बैलगाड्या होड्यांवरची मासळी उतरवत होत्या.
प्रत्येक लाट मला आधीच्या लाटेपेक्षा
हातभर पुढे आल्यासारखी वाटत होती.
"ओढून घेऊ का वर?" एका गाडीवानाने विचारलं.
पण चाकांना आतून ब्रेक,
आणि ब्रेक सोडायचं बटण आत.
बैलाने बंपर हुंगला
आणि मान फिरवली.

धुरपदा पावसे, जिच्याकडून सुरमई घेतली ती,
पाट्या धुता धुता म्हणाली,
"अष्टमी हाय गो आज. भांग.
पाणी त्या खुंटापर्यंत येल नि फिरंल.
तुझ्या चाकाला शिवायचं नाय."
घड्याळ नाही, फोन नाही,
पाण्याकडे तर तिने बघितलंही नव्हतं.

तिने आपला फोन दिला. कोणाला लावू?
मला पाठ एकच नंबर, माझा.
लावला.
काचेपलीकडे सीटवर मी उजळले, थरथरले,
'अनोळखी क्रमांक' अशी पाटी लावून
बराच वेळ वाजत राहिले.
उचललं कोणी नाही.

मग आठवली दापोलीतल्या घराखालची पाटी,
डॉ. लिमये, वेळ सकाळी दहा ते एक,
रविवार बंद, आणि खाली सहा आकडे,
अकरा वर्षं जिन्यावरून उतरताना न वाचता वाचलेले.
कंपाउंडर मुकादमांनी उचलला.
सांगितलं, घराची किल्ली चपलांच्या कपाटात,
डाव्या गमबुटात.
"ते ठाऊक आहे," ते म्हणाले,
"सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. गाडीची कुठे?"

गाडीची दुसरी किल्ली
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून
दापोली-हर्णै एसटीने निघाली,
कंडक्टरच्या खिशात.

तोवर उलट्या क्रेटवर बसून होते.
कोरा चहा आला, कोणी पाठवला कळलं नाही.
पाणी खुंटापर्यंत आलं,
एकदा त्याच्या बुडाशी फेस ठेवला,
आणि फिरलं.
धुरपदाने सांगितलं, तिच्या नातवाने
घराला बोटाने उघडायचं कुलूप बसवलंय.
"पन माझी बोटं उमटत नायत त्यात.
बर्फानं नि खवल्यांनी झिजली.
मी मागल्या दारानं जाते."
हसली ती, मीही हसले,
पण मी थोडी उशिरा.

साडेआठला एसटी आली.
कंडक्टरने पुडी दिली,
सुट्टे नव्हते, राहू द्या म्हणाला.
चार पावलांवर गेले तोच
गाडीने आरसे उघडले, दिवे लावले,
आतून बाई बोलली: आपलं स्वागत आहे.
मी काही बोलले नाही तिच्याशी.

पेटीत बर्फाचं पाणी झालं होतं.
सुरमईच्या कल्ल्याशी पहिली किल्ली,
गार, बुळबुळीत,
तांबडा दिवा अजून अधूनमधून लुकलुकवत.

धुरपदाने पेटीत नवा बर्फ भरला.
बर्फाचे वीस रुपये घेतले.
फोनचे घेतले नाहीत.